दोघांनाही बरोबरीच हवी होती

आमच्या प्रादेशिक व्यावसायिक फुटबॉल लीगमधला हंगामाचा शेवटचा दिवस. तळाचा एकच संघ खालच्या श्रेणीत जाणार होता आणि त्या नकोशा जागेसाठी तीन उमेदवार होते. मी ज्या सामन्यात चौथी पंच (मैदानाबाहेर उभी राहून वेळ आणि बदली खेळाडू बघणारी) होते, त्यातले यजमान आणि पाहुणे दोघेही 24 गुणांवर. तिसरा संघ 22 वर, दुसऱ्या मैदानावर खेळत होता आणि त्याचा गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल; गुण समान झाले तर हाच बघतात) या दोघांपेक्षा खूपच वाईट. म्हणजे तो जिंकून 25 वर गेला आणि इथे बरोबरी झाली, तर इथले दोघेही सुटणार. इथे कोणी हरलं, तर मात्र हरणारा 24 वर अडकून खाली जाणार.

दोन्ही सामने एकाच वेळी सुरू झाले होते. ही पद्धत आली 1982 च्या विश्वचषकामुळे. स्पेनमधल्या गिहोनला पश्चिम जर्मनी 1-0 ने जिंकली तर ती आणि ऑस्ट्रिया दोघेही पुढे जाणार, हे त्यांना आधीच माहीत होतं, कारण त्याच गटातल्या अल्जीरियाचा सामना आदल्याच दिवशी संपला होता. गोल लवकर झाला आणि मग कोणी पळलंच नाही. 1986 पासून गटातले शेवटचे सामने एकदम होऊ लागले. पण खिशातल्या मोबाइलचं काय करणार?

मध्यंतरापर्यंत 1-1, तेही चांगला खेळ होऊन. नंतर कॉर्नरवर दोघांची डोकी आपटली. डॉक्टर आत आले, तपासणी लांबली. मी घड्याळाकडे बघून वेळ टिपून ठेवत होते.

सत्तराव्या मिनिटाच्या आसपास पाहुण्यांच्या बेंचवरून कोणीतरी आत एक बोट दाखवलं. तिसऱ्या संघाने तिकडे गोल केला होता. यजमानांचे प्रशिक्षक सकाळपासून माझ्यावर खेकसत होते, ते चक्क खाली बसले आणि म्हणाले, "मॅडम, किती राहिलं हो?"

त्यानंतर सामना मेला. बचावपटू आपापसात पास देत होते, समोरचे मधल्या रेषेवर कमरेवर हात ठेवून बघत होते. प्रेक्षक शिट्ट्या मारू लागले. हेडसेटमध्ये मुख्य पंच म्हणाले, "यात मी काय देऊ?" खरंच काही देता येत नव्हतं. थ्रो-इनला उशीर केला तर पिवळं कार्ड आहे. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास गोलरक्षकाला 1992 पासून हातात घेता येत नाही. पण चेंडू खेळात असताना तो आडवा फिरवत राहणं हा गुन्हा नाही. पुढे जायलाच हवं, असं नियमांत कुठेही लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते लिहिताही येणार नाही.

नव्वद मिनिटं झाली. मी बोर्डवर वाया गेलेल्या वेळेची 7 मिनिटं दाखवली, तर दोन्ही बेंच माझ्या अंगावर! एरवी एकाला ही मिनिटं जास्त वाटतात आणि दुसऱ्याला कमी. त्या दिवशी दोघांनाही एकही मिनिट नको होतं. बोर्डावरचा आकडा किमान असतो, पंच तो वाढवू शकतात, कमी करू शकत नाहीत, एवढंच मी सांगत राहिले.

तिकडचा सामना आमच्याआधी संपला. शेवटच्या क्षणी तिसऱ्या संघाने गोल खाल्ला होता: बरोबरी, 23 गुण. इथले दोघेही आता काहीही झालं तरी वाचलेले. बातमी आत पोहोचली आणि तीच माणसं एकदम धावायला लागली. चेंडू एकदा बारवर आदळला, एकदा रेषेवरून परतवला गेला. आणि पाहुण्यांच्या बदली खेळाडूने पंचवीस यार्डांवरून असा फटका मारला की यजमानांच्या प्रेक्षकांनीही टाळ्या वाजवल्या. 2-1. हंगामातला सगळ्यात सुरेख फुटबॉल मी त्या तीन-चार मिनिटांत पाहिला, तोही कशालाच अर्थ उरला नव्हता तेव्हा.

अहवाल लिहिताना सामना आयुक्तांनी सात मिनिटांचा हिशेब मागितला. दुखापत, बदली खेळाडू, सगळा दिला. "दुसरा अर्धही दोन्हीकडे फोन करून एकदमच सुरू करायला हवा," मी सुचवलं.

"करू की. पण डोकी एकदम कशी आपटवायची?" असं म्हणून त्यांनी सही केली.