गिटार गायब होते तो क्षण

‘गायडेड बाय व्हॉइसेस’ या अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन शहरच्या बँडचा ‘बी थाउजंड’ हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा माझा हेडफोनच बिघडला आहे असे मला वाटले. पहिल्याच गाण्यात गिटार मध्येच गायब होते, क्षणभर नुसता आवाज उघडा पडतो आणि काहीच घडले नसल्यासारखी ती परत येते.

१९९४ साली आलेला हा अल्बम तळघरांत आणि गॅरेजमध्ये, बहुतांशी साध्या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर रेकॉर्ड झाला. गायक रॉबर्ट पोलार्ड त्या काळात शाळेत शिकवत होते. जेमतेम छत्तीस मिनिटांत वीस गाणी असल्यामुळे काही समीक्षकांना ती अर्धवट सोडलेली वाटली, तर अनेकांनी त्याच तुटकपणाचे मनापासून कौतुक केले. मला स्वतःला आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे अगदीच खोटे वाटत नाही, कारण दोन-तीन तुकडे खरोखरच वहीच्या समासातल्या रेघोट्यांसारखे आहेत.

चाहत्यांची निष्ठा मात्र वेगळ्याच प्रकारची आहे. १९९९ मध्ये रिक ओकासेक यांच्या निर्मितीखाली या बँडचा चकचकीत स्टुडिओ अल्बम आला, तेव्हा ज्या स्वच्छ आवाजाची एखाद्याने वाट पाहिली असती, त्याच आवाजावर कित्येक जुने चाहते नाराज झाले. (चाली, खरे तर, तिथेही चांगल्याच होत्या.) गिटार गायब होण्याची ती जागा मीही आता कान टवकारून ऐकतो.