फाडून उघडायचे तिकीट आणि त्याचा हिशेब

गेल्या महिन्यातील विश्वस्तांच्या बैठकीत आमच्या एका तरुण सहकाऱ्याने असे सुचवले की, अभ्यासिकेच्या खर्चासाठी दर वर्षी देणग्या मागत फिरण्यापेक्षा कॅनडातील धर्मादाय संस्था विकतात तशी ‘ब्रेक ओपन’ तिकिटे आपणही छापावीत आणि दिवाळीपूर्वीच्या विक्री-प्रदर्शनात टेबल मांडून विकावीत. सदाशिव पेठेतील दोन खोल्यांचे भाडे, विजेचे बिल आणि मुलांची पुस्तके यांचा मेळ घालताना खजिनदार म्हणून माझी होणारी ओढाताण त्याने पाहिली आहे, त्यामुळे सूचनेमागची कळकळ मला पूर्ण मान्य होती. मी पुढच्या बैठकीपर्यंतचा वेळ मागून घेतला आणि तिथले आणि इथले नियम वाचायला बसलो.

मुलीकडे ऑन्टारिओत गेलो असताना असे एक तिकीट मी स्वतः उघडून पाहिले आहे. जाड कागदाचा हातात मावेल एवढा तुकडा, मागच्या बाजूला अर्धवट कापलेल्या पट्ट्या. नखाने कड उचलून पट्टी ओढली की आतली चित्रे दिसतात आणि ठरलेली चित्रे एका ओळीत आली तर बक्षीस मिळते. त्याची सोडत नंतर कधी काढावी लागत नाही. एका खोक्यात किती तिकिटे, त्यांपैकी किती बक्षिसांची आणि ती किती रकमेची, हे छापतानाच कायमचे ठरलेले असते.

हे मुळात त्या देशातही सर्रास खुले नाही. कॅनडाच्या फौजदारी संहितेने लॉटरीला मनाई केलेली आहे आणि कलम 207 मध्ये अपवाद दिले आहेत. त्यांतील एक अपवाद परवाना घेतलेल्या धर्मादाय किंवा धार्मिक संस्थांचा आहे, आणि त्यातही उत्पन्न धर्मादाय किंवा धार्मिक कामासाठीच वापरले पाहिजे अशी अट आहे. ऑन्टारिओत मद्य आणि जुगार यांवर देखरेख करणारा प्रांतिक आयोग हे पाहतो, तर काही परवाने स्थानिक नगरपालिका देतात. संस्थेचे काम गरिबांना साहाय्य, शिक्षण, धर्म किंवा समाजाच्या हिताचे अन्य कार्य यांपैकी एका प्रकारात बसावे लागते. तिकिटे नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच घ्यावी लागतात आणि लॉटरीच्या पैशासाठी स्वतंत्र विश्वस्त खाते ठेवावे लागते. घरच्या प्रिंटरवर तिकिटे काढून ती टेबलावर मांडण्याची सोय तिथेही नाही.

मला सर्वांत विचार करायला लावले ते खोक्यातल्या गणिताने. समजा, एका खोक्यात 10 रुपयांची 1,000 तिकिटे आहेत आणि बक्षिसांची एकूण रक्कम 7,000 रुपये आहे. खोका संपला की 10,000 रुपये जमा झाले पाहिजेत, 7,000 वाटले गेले पाहिजेत आणि उरलेल्या 3,000 मधून छपाई व विक्रेत्याचे कमिशन गेल्यावर जे राहील ते संस्थेच्या कामाला मिळाले पाहिजे. म्हणजे एका रुपयाचीही तफावत लपत नाही. मात्र याच गणितात एक धोका दडलेला आहे. सर्वांत मोठे बक्षीस पहिल्या शंभर तिकिटांतच निघाले, तरी उरलेल्या नऊशे तिकिटांची किंमत दहा रुपयेच राहते, आणि ते बक्षीस गेले आहे हे विक्रेत्याला ठाऊक असते, पण नंतर येणाऱ्या माणसाला नसते. उलट बाजूने पाहिले, तर तिकिटे संपत आली आणि मोठे बक्षीस अजून आतच असले, तर विक्रेत्याच्या ओळखीच्या माणसाने उरलेली सगळी तिकिटे उचलणे सहज शक्य आहे. खोक्यासोबत येणारा बक्षिसांचा तक्ता आणि प्रत्येक तिकिटावर छापलेला खोक्याचा क्रमांक यांचे महत्त्व मला इथे कळले. ज्या संस्थेचे नाव त्या टेबलावर लागते, तिच्यावर घेणाऱ्याचा विश्वास असतो.

आपल्याकडचे उत्तर मात्र स्पष्ट आहे. 1998 च्या लॉटरी (विनियमन) अधिनियमानुसार राज्य सरकारे अटी पाळून लॉटरी चालवू शकतात. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून सुरू आहे. राज्याची किंवा राज्याने अधिकृत केलेली नसलेली लॉटरी काढण्यासाठी जागा चालवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 297 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्हींस पात्र असा गुन्हा आहे. पैसे देऊन कुपन घ्यायचे आणि बक्षीस नशिबावर अवलंबून असायचे, एवढे जुळले की उद्देश धर्मादाय आहे म्हणून सुटका होत नाही. सोसायट्यांमधून आणि मंडळांतून ‘लकी ड्रॉ’ची कुपने सर्रास विकली जातात, हे मी जाणतो, तरीही विश्वस्त म्हणून त्यावर सही करणे मला शक्य नाही. शिवाय बक्षिसाच्या आशेने दिलेल्या पैशाला देणगी म्हणून आयकर सवलतीची पावती देणे योग्य ठरणार नाही.

तरीही ऑन्टारिओच्या त्या नियमांतील एक गोष्ट मी बैठकीत आग्रहाने मांडली. काही वर्षांपूर्वी आम्ही बक्षीस नसलेली, साधी 50 रुपयांची 600 देणगी-कुपने छापली होती. त्यांपैकी 74 कुपने परत आली नाहीत आणि त्यांचे पैसेही आले नाहीत. ती विकली गेली, हरवली की कुणाच्या पिशवीत राहिली, हे आजतागायत कळलेले नाही, आणि त्या 3,700 रुपयांचा विचार मनात आला की मला अजूनही अस्वस्थ वाटते. ज्यांनी ते पैसे दिले असतील त्यांना ते मुलांच्या पुस्तकांसाठी गेले असेच वाटत असणार. विकलेले, न विकलेले आणि खराब झालेले प्रत्येक तिकीट मोजायचे, ही शिस्त आपल्या पावती-पुस्तकांना लावायला कोणत्याही परवान्याची गरज नव्हती.

तिकिटांचा प्रस्ताव त्या तरुण सहकाऱ्याने स्वतःच मागे घेतला. देणग्यांसाठी बँकेत वेगळे खाते, दोन विश्वस्तांच्या सह्यांशिवाय त्यातून पैसे न काढणे आणि पावती-पुस्तकांची नोंदवही, असे तीन ठराव एकमताने संमत झाले. नोंदवहीच्या पहिल्या पानावर मी 1 ते 12 क्रमांकांची पुस्तके लिहिली आहेत. प्रत्येकात 50 पावत्या, पुढे नेणाऱ्याची सही, तारीख आणि परत आल्यावर शिल्लक कोऱ्या पावत्यांची संख्या. अकरा पुस्तकांपुढे सह्या झाल्या आहेत. सातव्या क्रमांकाचे पुस्तक अजून कपाटात आहे. येत्या रविवारी सही करून तो सहकारी ते घेऊन जाणार आहे.