समूहगायनाचा जर्मनी-प्राग दौरा : पडद्यामागचा वृत्तांत

अठ्ठावीस गायक, तीन साथीदार, गाणं बसवणाऱ्या आमच्या बाई, मी आणि माझ्या जोडीला एक तरुण कार्यकर्ता, अशी ३४ माणसं. सगळ्यात धाकटी मुलगी १४ वर्षांची, सगळ्यात थोरले काका ७१ वर्षांचे. फ्रँकफर्टला उतरून लाइपझिग, ड्रेस्डेन आणि शेवटी प्राग. नऊ दिवसांत चार कार्यक्रम. गाणं कसं झालं ते गाणाऱ्यांनी लिहावं. माझ्याकडे कागद, सामान आणि वेळापत्रक होतं, त्यामुळे मी त्याचंच सांगतो. नाशिकहून पुढे कुणी समूह घेऊन निघालं तर त्यांना याचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा आहे.

तयारी सहा महिने आधी सुरू केली, तरी धावपळ झालीच. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच देशाकडे अर्ज. आमचा मुक्काम जर्मनीत जास्त होता, म्हणून तिथला व्हिसा घेतला. शुल्क मोठ्यांना ९० युरो, शिवाय अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि ज्येष्ठांचा हप्ता बराच जास्त येतो; तो पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. प्रवासाचा हेतू 'पर्यटन' लिहिण्याचा मोह होतो, कारण त्याला कागद कमी लागतात. तसं करू नका. सोबत तबला-पेटी आणि हातात कार्यक्रमाची पत्रिका असताना जे खरं आहे तेच लिहावं. आम्ही 'सांस्कृतिक' लिहिलं आणि यजमानांच्या निमंत्रणपत्रात तारखा, ठिकाणं आणि कुठला खर्च कोण करणार हे स्पष्ट मागून घेतलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो नावांत. एका काकूंच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा होता, दुसऱ्या एकींचं माहेरचं नाव पासपोर्टवर आणि सासरचं बाकी सगळ्या कागदांवर. पासपोर्ट सेवा केंद्र नाशिकमध्येच असल्यामुळे हे वेळेत निस्तरलं. पहिल्या बैठकीलाच सगळ्यांचे पासपोर्ट समोर ठेवून बघा : परतीच्या तारखेनंतर तीन महिने मुदत, दोन कोरी पानं, आणि दहा वर्षांच्या आतला पासपोर्ट. तिकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर तसंच हवं.

आता वाद्यं. बाईंनी कार्यक्रमच असा बांधला की सगळी गाणी काळी एक आणि काळी चार या दोनच पट्ट्यांत बसली. त्यामुळे दायां, म्हणजे उजव्या हाताचे तबले, दोनच न्यावे लागले, आणि हा निर्णय मला सगळ्यात मोलाचा वाटतो. निघण्याच्या आदल्या रात्री तबलजींनी वाद्यांखालचे लाकडी गट्टे सरकवून दोन्ही दायांचा ताण उतरवला. पेटीचा भाता बंद करून अडकवला, पट्ट्यांवर फोमची पट्टी दाबून बांधली आणि सगळं कडक खोक्यात घातलं, वजन २३ किलोंच्या आत ठेवून. तबला मिळवायची हातोडी आणि तबल्याची पावडर मोठ्या सामानात टाका. हातसामानात हातोडी सुरक्षा तपासणीला अडते, आणि पांढऱ्या पावडरीचा खुलासा करत बसण्यात अर्धा तास जातो. तानपुरा इलेक्ट्रॉनिक होता. तिकडेही २३० व्होल्टच असल्यामुळे फक्त पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर पुरला.

यजमानांना द्यायला पेढे न्यायचे असं सगळ्यांच्या मनात होतं. पण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तूपसुद्धा नाही. मग येवल्याहून पैठणीच्या कापडाचे छोटे बटवे आणले. ते हलके आणि न फुटणारे, शिवाय आपल्या जिल्ह्याचे. खाण्यासाठी भाजणी, मेतकूट, चिवडा आणि चटण्या पुरल्या.

विमान मध्यरात्रीनंतरचं होतं, तरी नाशिकच्या मुंबई नाक्याहून दुपारी एकलाच निघालो. इगतपुरीपासून समृद्धीने आमणे लवकर आलं, पुढे भिवंडी-ठाण्याने तो वाचलेला वेळ खाल्ला. ३४ जणांचं सामान जमा करायलाच दीड तास लागला. विमानातली हवा फार कोरडी असते, म्हणून दर तासाला पाणी पिण्याची आठवण द्यायचं काम माझ्या तरुण जोडीदाराने अगदी नेटाने केलं. पहिल्या दिवशी कार्यक्रम नाही आणि तालीमही नाही, यावर बाई ठाम होत्या. फ्रँकफर्टहून लाइपझिग जवळजवळ चारशे किलोमीटर. बसमध्ये बहुतेक जण झोपले, आणि तेच हवं होतं.

खरा धडा लाइपझिगच्या दुसऱ्या रात्री मिळाला. कार्यक्रमानंतर यजमानांनी प्रेमाने जेवायला थांबवलं, गप्पा रंगल्या. हॉटेलवर पोहोचून बस उभी राहिली तेव्हा पावणेअकरा वाजले होते. सकाळी आठला निघायचं म्हटल्यावर चालकाने शांतपणे मान हलवली. तिथल्या नियमाने साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती, दिवसाला साधारण नऊच तास चालवणं, आणि दोन दिवसांमध्ये सलग ११ तास विश्रांती. ती नऊ तासांवर आणता येते, पण मोजक्याच वेळा, आणि आमच्या चालकाच्या त्या वेळा आधीच्या फेऱ्यांत संपल्या होत्या. सगळी नोंद गाडीतल्या यंत्रात आपोआप होते, म्हणजे विनंतीला जागाच नाही. पावणेदहाला निघालो. ड्रेस्डेन जेमतेम ११५ किलोमीटर, पण दीड तासाची ध्वनिचाचणी वीस मिनिटांत उरकावी लागली. चूक माझी होती : गाणाऱ्यांची झोप मी मोजली होती, चालकाची मोजली नव्हती. त्या रात्री पुढचं सगळं वेळापत्रक त्याच्यासोबत बसून नव्याने आखलं. तुम्ही हे नाशिकलाच करा, बस ठरवतानाच.

आणि ध्वनिचाचणी किती गरजेची, ते त्याच ड्रेस्डेनमध्ये कळलं. कार्यक्रम उंच दगडी चर्चमध्ये होता. बाईंनी मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवली आणि ती विरेपर्यंत आम्ही मोजत राहिलो, पाच सेकंद. अशा जागी द्रुत लय घेतली की शब्दांचा चिखल होतो, तबल्याचे बोल एकमेकांत मिसळतात. बाईंनी तिथल्या तिथे दोन द्रुत गाणी काढली, बाकीच्यांची लय उतरवली, ओळीच्या शेवटचं व्यंजन सगळ्यांनी एकाच क्षणी सोडायचं ठरवलं. तबल्याखाली जाड सतरंजी घातली, बायां (डग्गा) हलका ठेवला. आत गारवा होता, दायां पुन्हापुन्हा मिळवावे लागले. साथीदार जमिनीवर बसले तर मागच्या बाकांवरून दिसत नाहीत. दीड फूट उंचीची चौकी आधीच लेखी मागून ठेवा.

आपल्याकडे तालीम बसून होते, तिकडे पाऊण तास उभं राहून गायचं असतं. आम्ही तीन महिने उभ्याने तालीम केली, ती कामी आली. एका गोष्टीची मात्र चुटपुट राहिली. नाशिकमध्ये दगडी सभामंडप कमी नाहीत. परवानगी घेऊन तिथे चार तालमी केल्या असत्या, तर घुमणारी जागा गळ्याला आधीच ओळखीची झाली असती.

गाण्यांची यादी, कवी आणि संगीतकारांच्या नावांसह, महिनाभर आधी यजमानांना द्या. जर्मनीत गेमा आणि चेक प्रजासत्ताकात ओसा या गाण्यांचे कॉपीराइट सांभाळणाऱ्या हक्कसंस्थांकडे ती कळवावी लागते. कुसुमाग्रज जाऊन (१९९९) अजून साठ वर्षं झालेली नाहीत, म्हणजे आपल्या नाशिकच्या कवीच्या कविताही हक्काखालीच आहेत.

लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये जर्मन संगीतकार बाख १७२३ पासून १७५० पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, संगीताचे प्रमुख होते आणि त्यांची समाधीही तिथेच आहे. तिथे आम्ही गायलो नाही, नुसतेच बसलो. ती अर्ध्या तासाची सवड वेळापत्रकात ठेवली याचं मला समाधान आहे.

प्रागला हॉटेल कार्यक्रमाच्या जागेपासून चालत दहा मिनिटांवर घेतलं होतं, त्यामुळे बस दुपारी चारलाच उभी राहिली. कार्यक्रम सुरू झाल्यावर मी मागे दाराशी उभा होतो, तर शेवटच्या बाकावर आमचा चालक इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. दुसऱ्या दिवशी सामान भरताना पेटीचं खोकं त्याने स्वतः उचललं, बाणाची खूण वर येईल असं उभं ठेवलं आणि दोन्ही बाजूंनी आमच्या बॅगा लावून पक्कं केलं.