कोचीतली काळी आमसुले

फोर्ट कोचीची चिनी जाळी पाहायची तर सकाळी साडेसहालाच किनाऱ्यावर जा, हा घरमालकाचा सल्ला आम्ही मानला आणि ते बरेच झाले, कारण नऊनंतर तेथे मासळीपेक्षा फोटो काढणारेच अधिक असतात. मल्याळममध्ये या जाळ्यांना ‘चीनवला’ म्हणतात. जाळे पाण्यात सोडायचे झाले की एक कोळी मधल्या मोठ्या वाशावरून अनवाणी, दोरीला हात न लावता पाण्याच्या दिशेने चालत जातो आणि त्याच्या एकट्याच्या वजनाने तो अवाढव्य सांगाडा हळूहळू वाकू लागतो. काही मिनिटांनी चार-पाच जण दोर ओढतात, दोरांना ओळीने बांधलेले धोंडे एकामागून एक खाली येतात आणि जाळे वर उचलले जाते. आम्ही पाहिलेल्या तीन खेपांची मासळी मिळून एक टोपलीसुद्धा भरली नाही.

इ. स. 1341 मध्ये पेरियार नदीला आलेल्या महापुराने जुन्या मुझिरिस बंदराचे महत्त्व संपवले आणि कोचीचे मुख मोकळे केले, असे मानले जाते. त्यानंतर मिऱ्यांच्या ओढीने आलेल्यांत पोर्तुगीज होते, 1663 मध्ये त्यांना हुसकावणारे डच होते आणि 1795 मध्ये डचांची जागा घेणारे इंग्रज होते. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला 1524 साली पुरले होते. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले, तरी गर्दी असते ती त्या रिकाम्या थडग्याभोवतीच. मला मात्र छताला टांगलेले कापडी पंखे पाहत राहावेसे वाटले, ज्यांचे दोर भिंतीतून बाहेर गेलेले असत आणि बाहेर बसलेला माणूस प्रार्थना संपेपर्यंत ते ओढत असे.

मट्टांचेरीला आम्ही शनिवारी गेलो, ही चूक सर्वस्वी आमची. शनिवारी यहुदी प्रार्थनामंदिर बंद असते, एवढे आम्हाला समजायला हवे होते. रविवारी पुन्हा गेलो. 1568 मध्ये बांधलेल्या या परदेशी सिनेगॉगमध्ये जोडे बाहेर काढून जावे लागते, त्यामुळे चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्यांचा गारवा आधी तळपायांना कळतो आणि नक्षी नंतर दिसते. वाकून पाहिल्यावर दोन शेजारच्या फरश्यांवरच्या विलोच्या फांद्या वेगळ्या वळणाच्या निघाल्या. त्या हाताने रंगवलेल्या आहेत. जवळच पोर्तुगीजांनी राजासाठी बांधलेला आणि डचांनी डागडुजी केल्यामुळे ‘डच पॅलेस’ म्हणवला जाणारा वाडा आहे. त्यातील रामायणाची भित्तिचित्रे पाहायला तासभर तरी हाताशी ठेवावा.

मी कोचीला जाण्याचे खरे कारण मात्र एक ग्रंथ होता. डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला आणि तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. वनस्पतींची माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे वैद्य होते आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मणही होते. या तिघांनी लिहिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत छापलेले आहे. पोर्तुगिजांच्या छळामुळे सोळाव्या शतकात गोवा सोडून आलेल्या गौड सारस्वतांना कोचीच्या राजाने आश्रय दिला आणि चेरलाई भागातले तिरुमल देवस्वम हे त्यांचे मोठे देवस्थान. देवळाबाहेर एका वृद्ध गृहस्थांनी आमचे मराठी बोलणे ऐकून थेट ‘जेवण जालें?’ असे विचारले. आठवडाभर हातवारे करून रस्ते विचारल्यानंतर तो प्रश्न ऐकून मी क्षणभर उत्तर द्यायचेच विसरलो.

जेवण व्हायचे होते. त्यांनी सांगितलेल्या साध्या खानावळीत आधी गुलाबी कोमट पाणी आले, जे पतिमुगम म्हणजे आपल्या पतंगाच्या लाकडाने रंगते. मग मट्टा तांदळाचा जाडा, तांबूस भात आला. तो उकडा असतो, त्यामुळे कोकणातल्या माणसाला पहिल्या घासापासूनच ओळखीचा वाटतो. केळीच्या पानात भाजलेला करीमीन, म्हणजे आपला काळुंदर, चवदार होता, पण काट्यांनी जीव मेटाकुटीला आणला. लाल कालवणाने मात्र मी दोनदा भात घेतला. त्यातला आंबटपणा चिंचेचा नव्हता. तो कुडमपुळीचा होता, म्हणजे कोकमाच्याच कुळातल्या एका फळाच्या, धुरावर वाळवून काळ्याकुट्ट केलेल्या सालींचा. पोर्तुगीज, डच आणि यहुदी पाहायला आलेलो मी त्या वाटीपाशी जितका वेळ बसलो, तितका कोणत्याच स्मारकापाशी बसलो नव्हतो.

परतताना मिरी-सुंठीच्या वखारींच्या रस्त्यावरून पाव किलो कुडमपुळी घेतली. घरी आईने बांगड्याच्या तिखल्यात नेहमीच्या आमसुलांऐवजी तिचे दोन तुकडे टाकले, त्याआधी एक नाकाशी धरून पाहिला आणि विचारले, “आमसुले बरी आहेत, पण ही उन्हात न घालता चुलीवर कुणी वाळवली?”