विमानाचं बाजूचं चित्र: खरी परीक्षा सावलीची

या चित्रात पर्स्पेक्टिव्ह (जवळचं मोठं, लांबचं लहान दिसणं) नसतो, मोजमाप असतं. एचएफ-२४ मारुत हे भारतीय लढाऊ विमान १५.८७ मीटर लांब. १:७२ प्रमाणात साधारण २२ सेंमी, आडव्या ए-४ कागदावर आरामात बसतं. फोटो थेट गिरवू नका. जवळून काढलेल्या फोटोत आपल्याकडचा पंख मोठा दिसतो आणि धड झाकतो.

पॅनेलच्या रेषा (विमानाच्या पत्र्यांमधले जोड) काळ्या शाईने ओढणं ही सगळ्यात मोठी चूक. ३ मिमीची फट या प्रमाणात ०.०४ मिमी होते, म्हणजे दिसायलाच नको! मूळ रंगाचीच एक गडद छटा घ्या, रेषा तुटक ठेवा.

धड गोल दिसायला उजेडाचा पट्टा वरच्या कडेला नको, किंचित खाली हवा. सगळ्यात गडद भाग पोटाच्या थोडा वर, आणि अगदी खाली जमिनीवरून परतलेला फिकट उजेड. तो विसरला की विमान पत्र्यासारखं चपटं दिसतं.

आपल्या मराठवाड्यातल्या मे महिन्यात पोस्टर कलर ब्रशवरच वाळतो, छटांमध्ये पट्टे उमटतात. रंगात ग्लिसरीनचा एखादाच थेंब टाका. जास्त झालं की चिकट राहतं. कूलरसमोर बसू नका, दमट हवेने कागद वाकतो. पहाटेची वेळ उत्तम.