आमची वाटचाल : एमडीसी, गाळ आणि आम्ही

एमडीसी, म्हणजे मिथिलीन डायक्लोराइड हे सॉल्व्हंट, काय चीज आहे ते फार्मावाल्यांना सांगायला नको. 40 डिग्रीला उकळतं, व्हेंटमधून, म्हणजे वाफ बाहेर जायच्या नळीतून, पैसेच उडतात. साध्या स्क्रबरचं, म्हणजे हवा धुणाऱ्या टॉवरचं, पाणी ते थोडं धरतं आणि परत सोडतं, जाळावं तर ॲसिड आणि डायऑक्सिनची भीती. म्हणून आम्ही एमडीसी खाणाऱ्या जीवाणूंच्या धंद्यात आलो. सुरुवातीचा गाळ दिला लोटे एमआयडीसीतल्या एका काकांनी, ते तिथे ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, बघायचे. त्यांच्या गाळात एमडीसीची सवय झालेले जीवाणू होतेच, आम्ही ते वाढवून टॉवरमध्ये भरायच्या पोकळ पॉल रिंगांवर चढवले.

मधली वर्षं ठीक गेली, टॉवर लागत गेले.

मग एका मोठ्या कंपनीने खर्च वाचवायला टॉवरच्या पाण्यात सोडायचं कॉस्टिकच (कॉस्टिक सोडा) बंद केलं, आम्हाला न विचारता! अहो एक किलो एमडीसी खाल्लं की जीवाणू साधारण 860 ग्रॅम हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतात, ते मारायला 940 ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक लागतंच, हा हिशोब आम्ही कोटेशनमध्येच लिहून दिला होता. पीएच 3 वर आला, जीवाणूंचा सगळा थर मेला, वास सुटला आणि दोष कुणाचा तर आमचा. पेमेंट अडकलं, पगार उसने घेऊन केले. तेवढ्यात एक स्पर्धक सगळीकडे सांगत सुटला की बायो चालत नाही, वाफ शोषणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन घ्या. घेतला लोकांनी. ओल्या हवेत एमडीसीने कार्बन किती लवकर भरतो ते ड्रम बदलता बदलता कळलंच असेल, आता फोन येतात आम्हाला.

त्या वेळी काकांनी परत गाळाचे कॅन पाठवले, टेम्पोचं भाडंसुद्धा घेतलं नाही. कुठल्या बँकेने एवढं केलं असतं?

आणि एक, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. पीएच प्रोबवर चिकट थर बसतो, तो पुसत जा, नाहीतर कॉस्टिकचा पंप चुकीच्या आकड्यावर डोस मारत बसतो. फिरत्या पाण्यात मीठ साठतं, ब्लीड, म्हणजे थोडं पाणी सतत बाहेर सोडणं, बंद करू नका. आणि व्हेंटमध्ये कार्बन टेट (कार्बन टेट्राक्लोराइड) असेल तर ते आधीच सांगा, हवेवर जगणारे आमचे जीवाणू त्याला हात लावत नाहीत, मग जीवाणूंची पावडर विकणारा काहीही म्हणू दे.