आपट्याच्या झाडाखालचा अतिथी

श्रावणी सोमवारी आजी ‘शिवलीलामृत’ मोठ्याने वाचत असे. श्रीधर कवीने १७१८ मध्ये बारामतीला पूर्ण केलेला हा ग्रंथ आमच्या देवघरात लाल फडक्यात बांधलेला असे, आणि त्याच्या शेवटाकडे येणारी श्रियाळ-चांगुणेची कथा सुरू झाली की आम्ही मुले आजीला अगदी खेटून बसत असू. कांतीनगरीच्या राजाच्या दाराशी एक अतिथी येतो आणि नरमांसाचे भोजन मागतो, तेही यजमानाच्या एकुलत्या एका मुलाचे. चिलयाला वधून अन्न रांधले जाते. आईने बाजूला ठेवलेले मस्तक अतिथीच्या ध्यानात येते, आणि ते उखळात घालून कांडावे, कांडताना डोळ्यांत पाणी येऊ न देता गाणे म्हणावे, अशी तो आज्ञा करतो. या ठिकाणी आली की आजी थांबे, डोळ्यांवरचा चष्मा सारखा करी, काही ओव्या गाळी आणि चिलया धावत येतो तिथून पुन्हा वाचू लागे. तिचा एक मुलगा चौथ्या वर्षी तापाने गेला होता. ओव्या का गाळतेस असे मी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, “महादेवाला ठाऊक आहे गं ते. त्याला पुन्हा कशाला वाचून दाखवू?”

ही कथा मूळची तमिळ देशातली आहे आणि ती जिथे घडली असे मानतात ते गाव आजही नांदते आहे, हे मला फार उशिरा कळले. माझी मुलगी पाच वर्षांची झाली त्या वर्षी मी तिथे जायचे ठरवले. मुलीला बरोबर न्यायचे नाही, हेही त्याच वेळी ठरवले.

चेन्नईहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी तिरुवारूरला उतरले. कावेरीच्या फाट्यांनी आणि कालव्यांनी भिजलेला हा सगळा मुलूख भाताचा आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाण्याने भरलेली खाचरे आणि त्यांत उभे बगळे. तिरुवारूर हे त्यागराज, मुथुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री या कर्नाटक संगीतातल्या तिघा महान रचनाकारांचे जन्मगाव, आणि तिथले त्यागराजस्वामींचे मंदिर व त्याच्यासमोरचा कमलालय तलाव इतका विस्तीर्ण आहे, की नुसती प्रदक्षिणा घालायलाही सकाळ पुरत नाही. मी मात्र प्रथम गेले ती मंदिराबाहेरच्या दगडी रथाकडे. मनुनीती चोळ राजाच्या मुलाच्या रथाखाली एक वासरू सापडून मेले. गाईने राजवाड्याची न्यायघंटा वाजवली. आणि राजाने आपल्याच मुलाला रथाच्या चाकाखाली घालून गाईला न्याय दिला, अशी ती कथा. तीही शिवाच्या कृपेने सगळे पुन्हा जिवंत झाल्यावरच संपते. चाकाखाली निजवलेला तो दगडी राजपुत्र पाहताना माझ्या मनात आले, की अवघ्या काही कोसांच्या परिसरात दोन बापांनी आपली मुले दिली, एकाने धर्मासाठी आणि दुसऱ्याने भक्तीसाठी, आणि दोन्ही कथांमध्ये आईच्या दुःखाला जागा फार थोडी आहे.

तंजावरच्या एका मराठी घराण्यातल्या मावशी माझ्याबरोबर यायला तयार झाल्या होत्या. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि पुढे १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. त्या काळात इकडे आलेल्या कुटुंबांच्या घरात मराठी अजून बोलली जाते. मावशींची मराठी माझ्याहून जुन्या वळणाची, मधूनच तमिळकडे झुकणारी. रिक्षा नन्निलमच्या दिशेने धावत असताना त्यांनी मला सांगितले, की लहानपणी त्यांनी ही कथा दोनदा ऐकली: देवळात तमिळमध्ये, बापाच्या नावाने, आणि घरी मराठीत, आईच्या नावाने. हा भेद माझ्या तोवर ध्यानातच आला नव्हता.

तिरुच्चेंगाट्टांकुडी हे लहानसे, शांत गाव आहे. येथील शिवालयाचे जुने नाव गणपतीश्वरम्. गजमुखासुराला मारल्यावर गणपतीने इथे शिवाची पूजा केली आणि असुराच्या रक्ताने हे रान तांबडे झाले, म्हणून गावाचे नाव ‘तांबड्या रानाचे गाव’, असे सांगतात. संबंदर आणि अप्पर या सातव्या शतकातल्या संतांनी या देवळावर पदे गायिली आहेत. त्याच शतकात इथे परंजोती नावाचा पुरुष होऊन गेला. पल्लव राजाचा तो सेनानी. ६४२ मध्ये पल्लवांनी चालुक्यांची वातापी, म्हणजे आजची बदामी, उद्ध्वस्त केली, आणि त्या स्वारीत अग्रभागी हाच परंजोती होता अशी परंपरा आहे. तिथून आणलेला म्हणून पुजला जाणारा वातापी गणपती या देवळात आहे. एवढा पराक्रमी माणूस शिवभक्त आहे हे कळल्यावर राजाने त्याला सेवेतून सन्मानाने मोकळे केले. गावी परतून त्याने व्रत घेतले, की रोज एका शिवभक्ताला जेवू घातल्यावाचून स्वतः जेवायचे नाही. भक्तांपुढे तो इतका लहान होऊन वागे, की त्याला सिरुत्तोंडर, म्हणजे धाकटा सेवक, असे नाव पडले.

बाराव्या शतकात सेक्किळार या कवीने ‘पेरियपुराणम्’ मध्ये त्याची कथा सविस्तर सांगितली. उत्तरेकडून आलेला भैरव वेषातला तपस्वी सिरुत्तोंडर घरी नसताना येतो आणि बायका एकट्या असलेल्या घरात आपण थांबणार नाही, असे सांगून देवळातल्या ‘आत्ति’च्या झाडाखाली जाऊन बसतो. मावशींनी ते झाड दाखवले. दुभंगलेली ती पाने पाहताच मी ओळखली. तो आपटा होता. दसऱ्याला ज्याची पाने आपण सोने म्हणून वाटतो, त्याच झाडाखाली बसून त्या अतिथीने सांगितले, की मी सहा महिन्यांतून एकदा जेवतो; मला पाच वर्षांचा, निर्व्यंग, एकुलता एक मुलगा लागतो; आईने त्याला धरावे, बापाने कापावे, आणि दोघांचीही मने आनंदी असावीत.

इथे सेक्किळारने जे लिहिले आहे ते मावशींनी मला पारावर बसून समजावून सांगितले, आणि तेव्हापासून ते माझ्या मनातून गेलेले नाही. सिरुत्तोंडर घरी येऊन पत्नीला म्हणतो, की भरपूर धन दिले तर मूल देणारा कोणी भेटेलही, पण समोर उभे राहून आपल्या लेकराला कापणारे आईबाप भेटणार नाहीत. म्हणजे आज्ञेची मर्यादा त्याला ठाऊक आहे. साऱ्या जगात कोणी हे करणार नाही, हे तो स्वतःच्या तोंडाने बोलतो, आणि मग स्वतः करायला निघतो. तो शाळेत जाऊन मुलाला खांद्यावर घेऊन येतो. आई त्याचे केस विंचरते, त्याला न्हाऊ घालते. तो मुलगा, सिराळन, हसतो, कारण आईबाबा आज फार आनंदात आहेत असे त्याला वाटते.

त्या हसण्यापाशी माझी भक्ती संपते, हे मी इथे स्पष्ट लिहिते. आईबापांनी काय सोसले, त्यांचे मन किती घट्ट, त्यांची निष्ठा किती अढळ, हे शतकानुशतके गायिले गेले. पण त्या मुलाचा विश्वास कोणी कोणाला अर्पण केला? भक्ताने आपले धन द्यावे, आपली झोप द्यावी, आपला देह द्यावा. त्याचे तो देऊ शकतो. मूल त्याचे नसते. ते काही वर्षे त्याच्या स्वाधीन असते, आणि त्या स्वाधीनपणाचाच आधार घेऊन मूल बापाच्या खांद्यावर बसून हसत येते. आळंदीच्या विठ्ठलपंतांनी आणि रुक्मिणीबाईंनी मुलांना समाजात जागा मिळावी म्हणून देहान्त प्रायश्चित्त घेतले असे परंपरा सांगते. ते शासन क्रूर होते, पण त्यांनी दिला तो स्वतःचा देह. त्या दोघांपुढे मी हात जोडू शकते. सिरुत्तोंडरपुढे जोडताना माझे हात थांबले.

मावशींना हे पटले नाही. देव मूल परत देतो, हे ठाऊक असणाऱ्यांनीच ही कथा ऐकायची असते, असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, की सिरुत्तोंडरला ते ठाऊक नव्हते, आणि चांगुणेलाही नव्हते. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी सांगितले, की चित्तिरै महिन्यात भरणी नक्षत्रावर इथे त्या भोजनाचा उत्सव होतो, दूरदूरचे लोक येतात, मूल व्हावे म्हणून प्रार्थना करतात. त्या स्वतः लग्नानंतर तशाच आल्या होत्या. मुलगा झाला. पण तो पाच वर्षांचा होता त्या वर्षी त्या उत्सवाला आल्या नाहीत. घरच्यांना त्यांनी काहीतरी कारण सांगितले होते.

कथेत मूल परत येते म्हणून आपण ती ऐकू शकतो. कथेबाहेर ते येत नाही. बंगालमध्ये गंगासागरला पहिले मूल गंगेला देण्याचे नवस बोलले जात, आणि वेलस्लीने १८०२ मध्ये त्यावर बंदी घातली. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली वाहिल्या जात. जट आली, घरात आजार आला, की देवीची आज्ञा झाली असे समजून आईबाप आपल्या हाताने लेकीच्या गळ्यात मोती बांधत, आणि मुंबई प्रांतात १९३४ मध्ये कायदा झाल्यावरही ते कितीतरी वर्षे चालूच राहिले. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच्या अधिकृत नावात राज्याच्या नावानंतर लगेच येणारा शब्द ‘नरबळी’ हा आहे. या सगळ्या आईबापांचे आपल्या मुलांवर प्रेम नव्हते असे मी म्हणणार नाही. आज्ञा प्रेमाहून मोठी असते, असे त्यांना कोणीतरी फार गोड आवाजात शिकवले होते.

देवळाच्या आत अंधार आणि तेलाचा वास होता. सिरुत्तोंडर, त्याची पत्नी, दासी चंदननंगै आणि सिराळन यांच्या मूर्ती तिथे आहेत. मस्तक वेगळे शिजवून ठेवणारी ती दासीच, असे तमिळ कथा सांगते. आपल्याकडे ते काम चांगुणेकडे आले, आणि उखळ व गाणेही तिच्याकडे आले. मुलाचे नाव सिराळन. आपल्याकडे त्याच्या बापाचे नाव श्रियाळ झाले आणि कर्नाटकात सिरियाळ. नावे फिरत गेली, पण कथेचा शेवट कोणीही बदलला नाही. अतिथी पानावर बसतो आणि एकदम विचारतो, तुझा मुलगा कुठे आहे, त्याला हाक मार, त्याच्याशिवाय मी जेवणार नाही. मराठी कथेत तो म्हणतो, की निपुत्रिकाच्या घरी मी अन्न घेत नाही. नवराबायको दाराबाहेर येतात आणि हाका मारतात. सिराळन शाळेतून आल्यासारखा धावत येतो. आत जाऊन पाहतात तर अतिथीही नाही आणि ते अन्नही नाही. त्या अतिथीने दिलेल्या इतक्या आज्ञांपैकी हाक मारण्याची ही एकच आज्ञा अशी आहे, की जी कोणत्याही आईने न सांगता पाळली असती.

पुजाऱ्यांनी अर्चनेसाठी नाव आणि नक्षत्र विचारले. मी मुलीचे नाव सांगितले, नक्षत्र सांगितले. मग त्यांनी मावशींकडून विचारून घेतले, की काही नवस आहे का, कारण या देवळात येणारे लोक बहुधा नवस बोलतात. मी नाही म्हटले. मावशींनी ते तमिळमध्ये सांगितले, आणि माझ्या ओंजळीतल्या विभूतीतली चिमूटभर उचलून स्वतःच्या पदराच्या टोकाला बांधली. त्यांचा मुलगा आता चाळिशीचा आहे.

परतताना रिक्षात मी आजीची पोथी उघडली. मस्तक कांडण्याच्या ओव्या असलेले पान करकरीत आहे. त्याच्या पुढचे पान, जिथे चांगुणा बाळाला हाका मारते, ते मात्र हळदीच्या बोटांनी पिवळे पडले आहे आणि कडेला फाटून दोनदा चिकटवलेले आहे.